पाय धुऊन घेताना

नरकचतुर्दशीच्या पहाटे, दारात पणती तेवत असताना, पाटावर बसवून घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीने डोक्यावर तेल थापावे, अंगाला उटणे चोळावे आणि ऊन पाण्याने न्हाऊ घालावे, याला मराठी माणूस अभ्यंग म्हणतो. आणि आमच्या ख्रिस्ती समाजात, विशेषतः वसईच्या कॅथलिक घरांतून, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कपाळाला व तळहातांना धर्मगुरू जे आशीर्वादित तेल लावतात, त्या संस्कारालाही अभ्यंगच म्हणतात. एक सणाचा, दुसरा आजारपणाचा; एकाच्या शेवटी फराळ, तर दुसऱ्याच्या शेवटी बहुधा औषधाची वेळ. तरी दोहोंत एक साम्य असे आहे, की ज्याला तेल लावायचे त्याने करावयाचे काहीच नसते; नुसते बसून अथवा पडून राहावयाचे असते. पाचव्या वर्षी ही गोष्ट कोणालाही जमते. एक्याऐंशीव्या वर्षी ती किती दुष्कर होऊन बसते हे मी माझ्या आईपाशी पाहिले, आणि या लेखाचे निमित्त तेवढेच आहे.

आई नगर जिल्ह्यातल्या एका मिशन इस्पितळात चौतीस वर्षे परिचारिका होती. तिचे खरे नाव पगारपत्रकाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आजूबाजूच्या दहा गावांत ती ‘सिस्टरबाई’ होती. आणि त्या गावांतली निम्मीशिम्मी माणसे जन्मतःच तिच्या हातांनी न्हालेली असल्यामुळे, पुढे तीच मोठी होऊन, मिशा राखून, कोणी सरपंच तर कोणी सोसायटीचे चेअरमन झाली तरी तिच्यापुढे जरा अवघडूनच उभी राहत. बहात्तरच्या दुष्काळात खडीकेंद्रावरून आणलेल्या बायांच्या पायांतले काटे आणि कपऱ्या तिने रात्र-रात्र बसून काढल्या होत्या. दुसऱ्याच्या शरीराची तिला कधी किळस नव्हती, आणि स्वतःच्या शरीराविषयी ती कधी बोलत नसे. अशी ही बाई एक्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया होऊन ते सांधले गेले. पण आपल्या पायांवर म्हणून ती पुन्हा उभी राहिली नाही.

इस्पितळातून घरी आणल्याच्या पहिल्या संध्याकाळी माझी पत्नी घमेल्यात ऊन पाणी, साबण आणि टॉवेल घेऊन खाटेपाशी बसली, तेव्हा आईने दोन्ही पाय गोधडीखाली ओढून घेतले. “राहू दे ग. मी करते माझं,” ती म्हणाली. तिचा हात गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाणी निवून जाई आणि घमेले जसेच्या तसे मोरीत रिकामे होई. चौथ्या दिवशी पत्नी काही न बोलता बसून राहिली. बराच वेळ गेल्यावर आईने छताकडे पाहत विचारले, “पाणी कोपराला लावून पाहिलंस का?” पत्नीने लावून पाहिले नव्हते. लावले; जरा कढतच निघाले. “मग गार घाल थोडं. म्हाताऱ्या कातड्याला भाजलेलं समजत नाही,” असे बजावून, जणू काही एखाद्या नवशिक्या मुलीला वॉर्डातला पाठ देत असावी तशा सुरात, आईने गोधडीतून डावा पाय बाहेर काढला. टाचेला खोल भेगा पडल्या होत्या, आणि अंगठ्याचे नख आत वळलेले होते. त्या दिवशी तेवढा एकच पाय धुतला गेला. उजव्यासाठी दुसरा दिवस लागला.

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना येथे पेत्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वल्हांडणापूर्वीच्या त्या रात्री भोजनावरून उठून प्रभू येशू कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. इतर सारे मुकाट्याने पाय पुढे करतात, पण पेत्र साफ नकार देतो, आणि धुऊन घेतले नाहीस तर तुझा माझा संबंध उरणार नाही असे ऐकताच, मग पायच कशाला, हात आणि डोकेही धुवा म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतो. गेल्या पन्नास वर्षांत या अध्यायावर मी जितकी प्रवचने ऐकली ती सगळी पाय धुणाऱ्याविषयी होती: नम्र व्हा, वाका, सेवा करा. धुऊन घेणाऱ्यावर कोणी बोलल्याचे स्मरत नाही. वास्तविक पेत्राची अडचण नम्रतेची नव्हेच. ती हाताने मजबूत असलेल्या माणसाची अडचण आहे. जाळी ओढणाऱ्याला, रुग्ण उचलणाऱ्याला, घर चालवणाऱ्याला आपण कोणाच्या तरी हातात असावे ही कल्पनाच सोसत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस, पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी, याच पेत्राला सांगितले जाते की तरुणपणी तू स्वतःच कंबर कसून मनास येईल तिकडे जात होतास, म्हातारपणी मात्र हात पुढे करशील आणि दुसराच कोणी तुला नेसवून नको तिकडे घेऊन जाईल. हे त्याच्या हौतात्म्याचे भाकीत होय, असा खुलासा शुभवर्तमानकाराने लगेच केला आहे, आणि तो आपण मानलाच पाहिजे. पण ज्याने आपल्या आईला पलंगावर कुशीवर वळवून लुगडे नेसवलेले आहे, तो माणूस त्या ओळींपाशी थोडा अधिक थांबतो.

दुसऱ्याकडून सेवा घेण्याची ही विद्या आमच्या समाजाला अवगत नाही याला कारणे आहेत. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली नगरला आले, आणि त्यांच्यामागून शाळा, दुष्काळातील अनाथांची वसतिगृहे व दवाखाने उभे राहत गेले. मिरजेस डॉक्टर वॉन्लेस यांचे इस्पितळ १८९४ साली सुरू झाले. परक्याच्या मळमूत्राला हात लावणे हा ज्या काळी बाट मानला जाई, त्या काळी परिचारिकेचा पेशा पत्करण्यास पुढे आल्या त्या बव्हंशी ख्रिस्ती मुली. त्यांच्या नाती-पणतींपर्यंत ‘सेवा’ हा शब्द आमच्या घरांतून इतका खोल मुरला, की सेवा करणे म्हणजेच ख्रिस्ती असणे, अशी एक न लिहिलेली व्याख्या होऊन बसली. व्याख्या थोर खरी. परंतु तिचा परिणाम असा, की ज्या दिवशी सेवा करण्याचे बळ संपते, त्याच दिवशी आपला धर्मही संपल्यासारखा वाटू लागतो. “आता माझा काय उपयोग?” हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकले, तिच्या दोन मैत्रिणींच्या तोंडून ऐकले, आणि एका निवृत्त पाळकांच्या तोंडून ऐकले, ज्यांनी आयुष्यभर व्यासपीठावरून नेमके याच्या उलट सांगितले होते.

पवित्र शास्त्र म्हातारपणाच्या बाबतीत आपण समजतो तितके भाबडे नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात एका कायदेशीर पळवाटेचे प्रकरण आले आहे: आईबापांच्या पोषणाला लागणारे द्रव्य ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून टाकले की मुलगा त्यांच्या जबाबदारीतून मोकळा. हा इब्री शब्द आणि आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला ‘कुर्बान’ हे एकाच कुळातले. प्रभू येशूने ज्या थोड्या गोष्टींवर इतके कडक बोलणे केले आहे त्यांत ही एक. देवाच्या कामाची सबब सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणे, हे त्याला मुळीच खपले नाही. आणि स्वतः वधस्तंभावर असताना, श्वास पुरत नसताना, त्याने जी शेवटची व्यवहारी तजवीज केली ती आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करण्याची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय तर एखाद्या दफ्तरातील नियमावलीसारखा वाचता येतो: मंडळीच्या पटावर जिचे नाव घालायचे ती विधवा साठ वर्षांच्या आतली नसावी, तिने अतिथींचा पाहुणचार केलेला असावा, पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, मात्र जिला मुले-नातवंडे आहेत तिचा भार प्रथम त्यांनी उचलावा, मंडळीवर टाकू नये. जिने पाय धुतले तिलाच म्हातारपणी सांभाळण्याचा हा हिशेब मला फार सूचक वाटतो. आपल्या सरकारने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा अधिनियम केला. त्याअन्वये म्हाताऱ्या बापाला न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलाकडून महिना कमाल दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मागता येते, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर, अट मोडल्यास, परतही मिळवता येते. कायदा चांगला आहे. पण कायदा फार तर पोटगी देववील. पाणी कोपराला लावून पाहा, असा हुकूम कोणते न्यायाधिकरण काढणार?

घेणाऱ्यांची बाजू जवळून पाहावी म्हणून वसईस मी मुद्दाम महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गेलो. अनेक पॅरिशांतून त्या दिवशी आजारी व वृद्ध माणसांना घरपोच ख्रिस्तप्रसाद देतात. पूर्वी हे काम धर्मगुरूंचे असे; १९७३ साली रोमहून मुभा मिळाल्यापासून नेमून दिलेल्या प्रापंचिक स्त्री-पुरुषांनाही ते करता येते. मी ज्यांच्या स्कूटरवर मागे बसलो ते गृहस्थ एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. छातीशी धरलेल्या पिशवीत प्रसादाची एक लहानशी सोनेरी डबी होती. निघण्यापूर्वी त्यांनी मला बजावले, “वाटेत आपण बोलणार नाही हं.” आणि खरोखरच, नारळी-केळीच्या बागांमधून, नव्याने उठलेल्या इमारतींच्या सावलीतून, सात घरांची ती फेरी आम्ही एका अक्षराशिवाय केली; खिशातला फोन दोनदा वाजला, तो त्यांनी पाहिलादेखील नाही. ज्या माणसाने उभी हयात “पुढे सरका, पुढे सरका” म्हणण्यात घालवली त्याचे ते मौन मला फार दिवस आठवत राहील.

तिसऱ्या घरात नव्वदी गाठलेल्या एक आजी होत्या. तांबडे लुगडे, विरळ झालेला अंबाडा. स्टुलावर पांढरे कापड, त्यावर क्रूस, मेणबत्ती आणि वाटीत मोगऱ्याची फुले, ही मांडामांड त्यांनी अंथरुणावरून सूचना देऊन आधीच करवून घेतली होती. प्रसाद घेतल्यावर त्या डोळे मिटून पडून राहिल्या; मग आपल्या कादोडी बोलीत बोलू लागल्या आणि कंडक्टरसाहेब मला मराठी करून सांगू लागले. दोन मुले कॅनडात. त्यांनी बोलावले, तिकिटे काढतो म्हणाले. आजींनी नको सांगितले. तिकडच्या अन्नाची चव कळणार नाही, नातवंडे काय बोलतात ते ऐकू येणार नाही, उगाच त्यांच्या पायात अडथळा कशाला. मेले तर नवऱ्याशेजारी पुरा म्हणजे झाले. मला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला बर्जिल्लय आठवला. दावीद राजा त्याला राजधानीत घेऊन जाऊ पाहतो, तेव्हा हा ऐंशी वर्षांचा म्हातारा जवळजवळ हीच कारणे देतो: खाल्ल्या-प्यालेल्याची चव उरली नाही, गाणारांचे स्वर ऐकू येत नाहीत, राजाला भार कशाला व्हावे, आईबापांच्या कबरीपाशी मरू द्या, आणि आपल्या जागी किम्हाम या तरुणाला पाठवून देतो. तीन हजार वर्षांत म्हाताऱ्यांची सबब बदललेली नाही. ती सबब खरी असते आणि तिच्यात थोडा मानही दडलेला असतो.

आजींना सांभाळायला राहणारी मुलगी तलासरीकडची, वारली समाजातली. तिला पगार कॅनडाहून येतो. आजींच्या जपमाळेचे पाच दशक पाच माणसांच्या नावे लावलेले आहेत, आणि त्यांतला चौथा या मुलीचा आहे. “मी तिच्यासाठी दहा ‘नमो मरिया’ म्हणते, ती माझ्यासाठी भात करते. फिटंफाट!” आजी म्हणाल्या. मुलगी हसली. तिच्या गावी तिच्या आईपाशी कोण असते असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मोठी बहीण.” त्या बहिणीला पगार कोण देतो हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. वृद्धसेवेच्या आपल्या साऱ्या गोड वर्णनांत हा प्रश्न कोठेतरी दाराआड उभा असतो, आणि ज्या घरात तो निदान जपमाळेत शिरला आहे त्या घराविषयी माझ्या मनात आदर आहे. फिटंफाट मात्र झाली असे मी मानत नाही.

परतताना डबी रिकामी झाली होती, तेव्हा कंडक्टरसाहेबांचे तोंड सुटले. त्यांच्या लहानपणी धर्मगुरू तेल घेऊन वाडीत शिरले की शेजारपाजारी समजत, आता संपले. घरची माणसे त्यांना बोलावणेच लांबणीवर टाकीत, आणि मग बेशुद्ध माणसाच्या कपाळावर घाईने तेल लागे. अखेरचा संस्कार म्हणून शतकानुशतके रूढ झालेली ही समजूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बदलली, १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी नवा विधी मंजूर केला, आणि आता हा संस्कार मरणाऱ्याचा नव्हे तर आजाऱ्याचा आहे. वार्धक्याने गलितगात्र झालेल्या माणसाला विशेष रोग नसतानाही तो घेता येतो, पुन्हा पुन्हा घेता येतो. याकोबाच्या पत्रात याचे मूळ आहे: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मला यातला ‘बोलवावे’ हा भाग महत्त्वाचा दिसतो. तेथे पहिली हालचाल आजाऱ्याने करावयाची आहे. मदत मागणे हीच तेथे श्रद्धेची पहिली कृती ठरते, आणि म्हणूनच ती इतकी जड जाते.

लंडनमध्ये १९६७ साली मरणोन्मुख रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या, आणि आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी त्यांनी कधी आडपडदा ठेवला नाही. रुग्णाची वेदना केवळ देहाची नसते, मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन, १९८६ साली निघाले. “मी ओझे झाले” ही वेदना सॉन्डर्स यांच्या मांडणीत नेमकी बसते. तिच्यावर मॉर्फिन चालत नाही.

ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे पाय धुतले त्यांच्या उत्तरायुष्याचे दाखले पाहू लागलो, तेव्हा सर्वांत प्रथम केडगाव आठवले. पंडिता रमाबाई १८८३ साली विलायतेस गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इराद्याने. ते घडले नाही याला त्यांचे ऐकू न येणे कारण झाले, आणि पुढे तो बहिरेपणा वाढतच गेला. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी निरनिराळ्या निराधारांसाठी निरनिराळी घरे केली, त्यांत वृद्ध व दुर्बल स्त्रियांचे प्रीती सदनही होते. ज्या कन्येच्या हाती हा सारा कारभार जावयाचा ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. शेवटची वर्षे त्यांनी इब्री आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली होती. संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला तो १९२४ साली. हजारोंच्या हाकेला धावलेल्या बाईच्या कानावर अखेरीस हाकच येईनाशी झाली, आणि तिने त्या शांततेत ओळीमागून ओळ उतरवली, हे चित्र मला तिच्या दुष्काळातील पराक्रमाइतकेच मोठे वाटते. पण खरे सांगायचे तर रमाबाई आईच्याच जातीच्या होत्या. काम हातचे सुटू न देणाऱ्या.

दुसरा दाखला फ्रान्सचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. झान जुगाँ ही ब्रिटनी प्रांतातली मोलकरीण. १८३९ च्या हिवाळ्यात सेंट सर्वां गावी तिने एका आंधळ्या, अर्धांगाने लुळ्या म्हातारीला आपल्या माळ्यावरच्या खोलीत आणले आणि स्वतःचा बिछाना तिला देऊन टाकला. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा वृद्धसेवेचा संघ वाढला. दारोदार झोळी घेऊन हिंडणारी ही बाई संघाची संस्थापिका. पण ज्या धर्मगुरूच्या हाती कारभार गेला त्याने तिला हळूहळू बाजूला सारले, संस्थापक म्हणून स्वतःचे नाव पुढे केले, आणि १८५२ पासून तिच्या आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ती संघाच्याच एका घरात, नवशिक्या मुलींत, कसलाही अधिकार नसलेली एक म्हातारी म्हणून राहिली. ही संस्था हिच्यामुळे उभी आहे याचा त्या मुलींना पत्ता नव्हता. २९ ऑगस्ट १८७९ रोजी ती वारली, तेव्हा संघाच्या भगिनींची संख्या दोन हजारांच्या वर गेली होती. आणखी तीन वर्षांनी त्या कलकत्त्यास येऊन पोचल्या. तिच्या संतपदाची घोषणा २००९ सालची. अन्याय तो अन्यायच, त्याला साधुत्वाचा मुलामा देण्याचे कारण नाही; पण वृद्धांना बिछाना देणाऱ्या बाईने आपल्या वाट्याचा बिछाना कसा स्वीकारला, हे पाहण्यासारखे आहे. तिने भांडण केले नाही, आणि ती कडूही झाली नाही. हे मला जमले नसते.

तिसरा दाखला आपण सर्वांनी दूरदर्शन संचांवर पाहिलेला आहे. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत बारा पुरुष बसवण्याचा प्रघात होता; पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पदावर आल्याबरोबर तो विधी एका बालसुधारगृहात नेऊन मुलींचेही पाय धुतले, २०१४ साली रोममधल्या एका केंद्रात अपंग व वृद्धांचे धुतले, आणि २०१६ साली फर्मान काढून स्त्रियांचा समावेश सर्वत्र मान्य केला. २०२४ साली त्यांना गुडघ्यांवर बसता येईना, तेव्हा रेबिब्बियाच्या स्त्रियांच्या तुरुंगात बारा कैदी स्त्रियांना उंच ओट्यावर बसवण्यात आले आणि चाकांच्या खुर्चीतल्या पोपसाहेबांनी त्यांचे पाय धुतले. पुढल्या वर्षी, १७ एप्रिल २०२५ रोजी, ते रेजिना चेली तुरुंगात गेले. या वर्षी मला पाय धुणे शक्य नाही, असे कैद्यांना सांगून त्यांच्याजवळ थोडा वेळ थांबले आणि परतले. चार दिवसांनी ते वारले. जॉन पॉल दुसरे थरथरत्या हातांनी शेवटपर्यंत पदावर राहिले, बेनेडिक्ट सोळावे शक्ती उरली नाही म्हणून २०१३ साली पायउतार झाले; यांत कोण बरोबर हा वाद विद्वानांनी घालावा. मला मात्र इतकी वर्षे पाय धुतलेल्या माणसाने “यंदा जमत नाही” असे तुरुंगात जाऊन सांगणे, हे त्या साऱ्या वर्षांच्या तोडीचे वाटते. न जमणे घरी बसून लपवता आले असते.

आता आमच्या घराकडे परततो, कारण एक कबुली राहिली आहे. आई अडीच वर्षे अंथरुणावर होती. त्या काळात मंडळीतली माणसे मला हात धरून म्हणत, “आईची फार सेवा केलीत हो.” मी मान लववून ते स्वीकारत असे. वस्तुस्थिती अशी, की मी औषधे आणली, डॉक्टरांना फोन केले, रात्री दोनचे कुशीवर वळवणे माझ्याकडे होते. बाकी सर्व, म्हणजे पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी वळवणे, डायपर बदलणे, अंग पुसणे, पेज भरवणे, आणि शेवटच्या वर्षी आईला भ्रम होऊ लागल्यावर तिचे बोल सोसणे, हे माझ्या पत्नीने केले. आईला तेव्हा माझे नाव आठवत नसे. पण ‘उपासना संगीता’तली गीते संपूर्ण पाठ होती, आणि भेटीला आलेल्या पाळकांनी वेळ वाचवण्यासाठी एक कडवे गाळले की ती पाळकांना थांबवून ते म्हणवून घेई. पाहुणे हे ऐकून गहिवरत. पाहुणे गेल्यावर तीच आई सुनेला चोर म्हणे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून येत, आणि घरच्या माणसाला दोन्ही ऐकाव्या लागतात.

एकदा बुधवारी दुपारी पत्नी मला घरात दिसली नाही. ती चर्चमध्ये, मागच्या बाकावर एकटी बसली होती. प्रार्थना करत होतीस का, असे मी विचारले. “नाही,” ती म्हणाली. “इथं मला कुणी हाक मारत नाही.” स्तोत्रसंहितेतली पुष्कळशी गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरी ते शास्त्रात आहे. सेवा करणाऱ्याच्या श्रद्धेची वाढ आम्ही प्रसन्न चेहऱ्यावरून मोजतो, ही मोजणी चुकीची आहे. माझ्या पत्नीची वाढ झाली असेल तर ती त्या मागच्या बाकावर, काही न मागता, पंख्याखाली बसण्यात झाली. आणि घेण्याची विद्या आईपेक्षाही तिला जड गेली. शेजारच्या बाई दोन तास बसायला तयार होत्या. “नको, आमचं आम्ही करतो,” असे सांगून तिने त्यांना पाच महिने परत लावले. ते वाक्य मी पूर्वी कोठे ऐकले होते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आई गेल्यानंतर काही दिवसांनी मी पाळकसाहेबांकडे गेलो होतो. टेबलावर आजाऱ्यांच्या भेटींची नोंदवही उघडी होती: नाव, घर, आजार, भेटीची तारीख, प्रभुभोजन दिले किंवा नाही. आईच्या नावापुढे एकोणतीस तारखा होत्या. पत्नीचे नाव वहीत कोठेही नव्हते, कारण त्यासाठी रकानाच नव्हता. मी तसे म्हणालो. पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी वाद घातला नाही, पट्टी घेतली आणि पेन्सिलीने प्रत्येक पानावर आणखी एक उभी रेघ मारली. वर लिहिले, ‘सांभाळणारे’.

त्या रकान्यात आज अकरा नावे आहेत. पहिले नाव शहात्तर वर्षांच्या एका निवृत्त मास्तरांचे आहे. त्यांच्या पत्नी तीन वर्षे अंथरुणावर आहेत. दर गुरुवारी चार ते सहा माझी पत्नी त्यांच्यापाशी जाऊन बसते, आणि तेवढ्या वेळात मास्तर न्हाव्याकडे किंवा बाजारात जाऊन येतात. मंगळवारची पाळी माझी असते.